चाळिशीनंतर तळपाय सपाट होऊ शकतो का? त्यावर उपाय काय?

तुम्ही लिहिलंय, वय ४४, रोज लोकलमध्ये उभ्याने प्रवास, आणि अलीकडे उजवाच तळपाय सपाट होऊन घोट्याच्या आतून दुखतोय. हो, मोठेपणीही असं होतं. लहानपणापासून दोन्ही पाय सपाट असतील आणि दुखत नसतील, तर काहीच करावं लागत नाही. पण एकच पाय नव्याने सपाट व्हायला लागला, तर कृपया अंगावर काढू नका.

घोट्याच्या आतल्या बाजूने जाणारा एक टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोरीसारखा पट्टा) तळपायाची कमान उचलून धरतो. तो झिजला की कमान खाली येते. घरी बघा: भिंतीला हात टेकून फक्त उजव्या पायावर उभे राहा आणि टाच उचला. उचलताच येत नसेल किंवा कळ येत असेल, तर संशय या टेंडनवरच. मागून कुणाला बघायला सांगा. डाव्यापेक्षा उजवीकडे जास्त बोटं बाहेर डोकावतात का? तीही याचीच खूण.

लवकर गाठलं तर बहुतेकदा ऑपरेशन लागत नाही. टाच घट्ट धरणारे बूट, कमानीला आधार देणारा इनसोल (बुटात घालायची गादी), पोटरीचं स्ट्रेचिंग, आणि फिजिओथेरपिस्टकडून शिकून केलेले व्यायाम. इनसोलने दुखणं कमी होतं, मोठ्या माणसाची कमान परत तयार होत नाही. ‘होते’ असं सांगून महागडे इनसोल विकणाऱ्यांपासून जपा. पावसाळ्यातल्या पातळ रबरी चपला तर नकोच. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या अस्थिरोग ओपीडीत किंवा हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत दाखवता येईल.

मधुमेह असेल आणि पाय सुजून गरम लागत असेल, तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा.