उपकरण गेले की त्याचे शब्दही जातात का?

संपर्काचे उपकरण कालबाह्य झाले की त्याची परिभाषाही जाते का, आणि मोबाइलवर बोलणे संपवताना 'फोन ठेवतो' म्हणणे चूक आहे का, असे आपण विचारले आहे. मी भाषातज्ज्ञ नाही. परंतु १९९० च्या दशकात फोंड्याला एसटीडी बूथ चालवला आणि आज त्याच गाळ्यात मोबाइलचे दुकान चालवतो, त्यामुळे हे शब्द गिऱ्हाइकांच्या तोंडी येताना आणि तेथून जाताना ऐकले आहेत. माझा अनुभव असा, की नामे उपकरणाबरोबर, किंबहुना त्याच्या दरपत्रकाबरोबर जातात. क्रियापदे मात्र सहसा मागे राहतात.

ट्रंक कॉलचेच पाहा. ऑपरेटरकडे नंबर नोंदवून वाट पाहत बसण्याच्या त्या पद्धतीत ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे प्रकार असत, म्हणजे घाई जितकी अधिक तितके पैसे अधिक. आणि ठरावीक व्यक्तीशीच बोलायचे असेल तर 'पीपी', अर्थात पर्टिक्युलर पर्सन, कॉल नोंदवत. हीच दोन अक्षरे लग्नपत्रिकांवर आणि व्हिजिटिंग कार्डांवर नंबरापुढे कंसात दिसत, तेथे मात्र त्यांचा अर्थ 'फोन शेजाऱ्यांचा आहे, बोलावून देतील' इतकाच असे. घरोघरी फोन आले आणि पीपी कोणाच्या लक्षातही न येता नाहीसे झाले.

एसटीडी म्हणजे सबस्क्रायबर ट्रंक डायलिंग, ऑपरेटरवाचून ग्राहकाने स्वतः लावलेला ट्रंक कॉल. भारतात ही सोय १९६० साली लखनौ आणि कानपूर यांच्या दरम्यान सुरू झाली. माझ्या बूथवर येणाऱ्यांना त्या तीन अक्षरांची फोड ठाऊक नसे; त्यांच्या लेखी एसटीडी म्हणजे काचेच्या केबिनवरचा तो मीटर, ज्याचे लाल आकडे बेळगावपेक्षा दिल्लीला भराभर पळत आणि ज्यांच्याकडे पाहत पाहत माणसे वाक्य अर्ध्यावर तोडत. १ मार्च २००६ पासून बीएसएनएलने देशभर एक रुपया मिनिट हा दर आणला, तेव्हा लोकल आणि एसटीडी हा भेदच निरर्थक होऊ लागला. आज तो शब्द उरला आहे तो ०८३२ या आमच्या कोडापुरता.

क्रियापदांचे तसे नाही. मध्यंतरी एक आजी नातवाला घेऊन दुकानात आल्या आणि त्याला म्हणाल्या, "बाबाचा नंबर फिरव रे." त्या मुलाने तबकडीचा फोन कधी पाहिला नसावा; तरी त्याने क्षणभरही न अडखळता अंगठ्याने पडद्यावरची यादी सरसर वर सरकवली आणि नाव दाबले. फिरवणे, उचलणे, ठेवणे, लावणे ही हाताची कामे होती. आता ती बोलणे सुरू करण्याची आणि संपवण्याची नावे झाली आहेत. म्हणून 'फोन ठेवतो' यात मला काहीच चूक दिसत नाही. 'मिस्ड कॉल देणे' हा प्रयोग तर तर्काला धरून मुळीच नाही, कारण जो चुकतो तो द्यायचा कसा. पण पैसे वाचवण्याची ती युक्ती ज्यांनी वापरली, त्यांना त्यात विसंगती कधी जाणवली नाही.

घडवलेल्या शब्दांबद्दल माझे मत थोडे कठोर आहे. 'तार' हा शब्द रुजला, कारण तो तोंडात मावत होता. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली, तरी 'बिनतारी' या शब्दात ती तार अजून शिल्लक आहे. 'भ्रमणध्वनी' मात्र मी निमंत्रणपत्रिकांवर आणि अर्जांवरच वाचला. इतक्या वर्षांत भ्रमणध्वनी मागणारे एकही गिऱ्हाईक माझ्या दुकानाची पायरी चढलेले नाही.

आणखी एक गोष्ट प्रश्नात नव्हती, पण ती याच विषयाची आहे. नवे यंत्र आले की जुन्यालाही नवे नाव घ्यावे लागते. मोबाइल येईपर्यंत घरातल्या फोनला कोणी लँडलाइन म्हणत नव्हते, तो नुसता फोन होता. पुढे स्मार्टफोन आला आणि बटणांचा मोबाइल 'साधा' ठरला. आता ही पाळी खुद्द कॉलवर आली आहे. आखातात असलेल्या मुलाचा आवाज इंटरनेटवर तुटू लागला, की त्याच आजी नातवाला म्हणतात, "व्हॉट्सअॅप नको, साधा फोन लाव."