घरात शॉर्टवेव्ह रेडिओवर ७ मेगाहर्ट्झला सतत खरखर येते, ती कमी कशी करावी?

आधी उगम शोधा: रिसीव्हर बॅटरीवर लावून घराचा मेन स्विच बंद करा. इन्व्हर्टरही बंद हवा, नाहीतर वीज जाताच तो सुरू होऊन स्वतःच खरखर करतो. आवाज थांबला तर सगळे एमसीबी (मीटरच्या बोर्डावरचे छोटे स्विच) पाडून मेन चालू करा आणि मग एकेक एमसीबी चालू करत जा. बहुतेकदा स्वस्त एलईडी दिवा किंवा चार्जर सापडतो, कारण त्यातला स्विचिंग सप्लाय (वेगाने चालू-बंद होत वीज पुरवणारे सर्किट) वायरीलाच अँटेना बनवतो. तो बदला, किंवा त्याची वायर ३१ नंबर मिक्सच्या (मिक्स म्हणजे फेराइटचा प्रकार) फेराइट रिंगवर, म्हणजे चुंबकीय पदार्थाच्या कड्यावर, ८-१० वेढे गुंडाळा. वेढे दुप्पट केले की खरखरीला होणारा अडथळा साधारण चौपट होतो, म्हणून वायरीवर नुसता क्लिपने बसवायचा एकटा फेराइट मणी इथे फारसा कामाचा नाही. मेन बंद करूनही खरखर राहिली तर मात्र ती बाहेरची आहे. मग अँटेनाच घरापासून आणि विजेच्या तारांपासून लांब न्यावी लागेल.