कंबर तुमची, माप ओट्याचं

या वेळच्या पत्रांत कंबर सगळ्यात जास्त, त्याखालोखाल मान आणि खांदे. गोळी कोणती, तेल कोणतं, व्यायाम कोणता, हे जवळपास प्रत्येकानं विचारलंय. ओटा किती उंच, खुर्ची किती खाली येते, गोणी कुठून उचलता, हे मात्र एकानंही लिहिलेलं नाही. शेवटी फोन करून मापं मागवली. पुढच्या वेळी प्रश्नाबरोबरच सेंटिमीटर पाठवा, म्हणजे एक फेरी वाचेल.

मी पोळी-भाजी केंद्रात कामाला आहे. सकाळी सात ते दुपारी एक, रोज साधारण ३०० पोळ्या लाटते. उजवा खांदा आणि मनगट रात्री झोपू देत नाहीत. मालकीणबाई म्हणतात, सवय होईल. – एक भगिनी, चिंचवड

ताई, एका पोळीला लाटणं दहा वेळा फिरलं असं धरलं तरी दिवसाला ३,००० फेऱ्या झाल्या. याची सवय होत नाही, झीज होते.

तुम्ही फोनवर सांगितलेली मापं अशी: उंची १५० सेंमी, उभं राहून कोपर जमिनीपासून ९४ वर, ओटा ८६, त्यावर पोळपाट ५. म्हणजे लाटण्याची जागा ९१ वर आली, कोपराच्या जेमतेम तीन सेंमी खाली. भाजी निवडणं, डबे भरणं असलं हलकं काम या उंचीवर खुशाल करावं. जिथे वरून जोर लावायचा तिथे मात्र पृष्ठभाग कोपरापासून १५ ते २० सेंमी खाली हवा, आणि कणीक मळायला त्याहूनही खाली. तसा असला की अंगाचं वजन लाटण्यावर पडतं. नसला की सगळा जोर खांद्यातून काढावा लागतो आणि मनगट वर मुडपून राहतं.

अशाच एका केंद्रात मी तासभर कोपऱ्यात उभी राहून पाहत होते. लाटणारी बाई प्रत्येक पोळीला टाचा उचलायची. शेवटचे दोन हात मारताना हमखास. तिला विचारलं तर म्हणाली, "मी? नाही हो." ओटा खाली येत नाही म्हटल्यावर तिचं शरीरच वर जात होतं, आणि तिला पत्ताही नव्हता.

ओटा फोडायची गरज नाही. लाटण्याचं काम ओट्यावरून काढून साध्या जेवणाच्या टेबलावर न्या. ते ७५ च्या आसपास असतं, वर पोळपाट ठेवला की ८०. तुमच्या कोपराला हे जवळपास बरोबर बसतं. टेबल मात्र हलता कामा नये, नाहीतर ते धरून ठेवण्यात दुसरा हात दुखेल. टेबलाला जागाच नसेल तर ओट्यापुढे १२ सेंमी उंचीचा लाकडी मंच ठेवा: ओट्याच्या पूर्ण लांबीचा, दोन फूट रुंद. तुकड्या-तुकड्यांचा मंच नको, त्यावरून पाय घसरतो आणि शेजारी तवा तापलेला असतो. मंचाचा आणखी एक फायदा म्हणजे शेगडीवरचा तवाही तुमच्यासाठी तेवढाच खाली येतो.

दुसरं, लाटणारी वेगळी आणि भाजणारी वेगळी अशी दिवसभराची वाटणी बंद करा. दर अर्ध्या तासाला अदलाबदल करा. मालकीणबाईंना पटत नसेल तर एवढंच विचारा, की तुम्ही आठ दिवस रजेवर गेलात तर ३०० पोळ्या कोण लाटणार? हाताला मुंग्या येऊन बोटं बधिर व्हायला लागली तर मात्र टेबलाच्या भरवशावर राहू नका, डॉक्टरांना दाखवा.

आमचं धान्याचं गोदाम आहे. ५० किलोच्या गोण्या. हमालांना प्रत्येकी चांगला कंबरपट्टा घेऊन दिला, तरी सहा महिन्यांत तिघांची कंबर धरली. कोणत्या कंपनीचा पट्टा घ्यावा? – एक व्यापारी, लातूर

कोणत्याच नाही. धडधाकट कामगाराची कंबर पट्ट्यानं वाचते याला पुरेसा पुरावा नाही, असं अमेरिकेतल्या निऑश या कामगार-आरोग्याच्या सरकारी संस्थेनं १९९४ मध्येच सांगून टाकलंय. उलट पट्टा बांधला की माणसाला जास्त उचलायचा धीर येतो, ही माझी धास्ती.

याच संस्थेचं वजन उचलण्याचं एक सूत्र आहे. सगळं काही आदर्श असेल, म्हणजे वजन अंगाजवळ, उचल मांडीच्या उंचीवरून, कंबर न पिळता, पकड चांगली आणि घाई नाही, तर जास्तीत जास्त २३ किलो. तेच वजन घोट्यांपासून २५ ऐवजी ५० सेंमी लांब धरलं की मर्यादा निम्म्यावर, साडेअकरा किलोवर येते. तुमची ५० किलोची गोणी या हिशेबात कुठेच बसत नाही, हे आधी मान्य करू.

लांबीचं एवढं कौतुक का, तर तराजू डोळ्यांसमोर आणा. काटा म्हणजे तुमचा मणका. एका बाजूला ५० सेंमीवर २० किलो टांगलेत आणि दुसऱ्या बाजूला पाठीचे स्नायू जेमतेम ५ सेंमीवरून ते तोलतायत. तोलायला २०० किलोचा ताण लागणार, वर धडाचं वजन वेगळंच. गोणी पोटाशी ओढून घ्या, असं जुनी माणसं सांगतात ते याचसाठी.

आता तुमच्याच हमालांकडे नीट बघा. दोघं जण आकडीनं गोणी उचलून तिसऱ्याच्या पाठीवर देतात आणि तो चालू लागतो. पाठीवर आलेलं ओझं मणक्याच्या जवळ असतं, त्यामुळे कंबर बहुधा चालताना धरत नाही. ती धरते जमिनीवरची गोणी एकट्यानं वाकून उचलताना, आणि थप्पीच्या वरच्या थरावर गोणी भिरकावताना. फोनवर तुम्हीच सांगितलंत, तिघांपैकी दोघं थप्पीच्या सगळ्यात खालच्या थराला हात घालताना बसले.

तेव्हा पट्ट्यांचे पैसे इकडे वळवा. जमिनीवर थेट गोणी ठेवायचीच नाही. खाली लाकडी पॅलेट एकावर एक रचून पहिला थर गुडघ्याच्या वर आणा. थप्पी खांद्यापेक्षा उंच नको. जागा कमी पडेल, हे मला माहीत आहे, पण वरचे दोन थरही माणसं आडवी करतात. ट्रकचा फाळका आणि गोदामाची फरशी यांच्यात दोन फुटांचा फरक असेल तर तिथे कायमचा धक्का बांधून घ्या आणि पुढे हातगाडी वापरा. हातगाडीची चाकं मोठी हवीत, छोटी चाकं फरशीच्या सांध्यात अडकली की हमाल ती गाडी कोपऱ्यात लोटून पुन्हा पाठीवर घेतात.

गोणीच २५ किलोची करावी का, असंही तुम्ही विचारलंय. करावी. पण मजुरी नगावर असेल तर दर आधी बसून ठरवा, नाहीतर लोक एका खेपेला दोन उचलतील आणि आपण होतो तिथेच येऊ. क्विंटलभराचं पोतं पाठीवर घेणारी माणसं आपण पाहिली आहेत. तेव्हाही ५० ची गोणी व्यापाऱ्यांना परवडणारी वाटत नव्हती.

साड्यांच्या दुकानात दहा तास उभी असते. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, असा नियम. संध्याकाळी पोटऱ्या दगड होतात. – एक वाचक, डोंबिवली

चालताना पोटरी आवळते-सुटते आणि पायांतलं रक्त वर ढकलते. नुसतं उभं राहिलं की हे पंपिंग थांबतं, म्हणून दहा तास चालणाऱ्यापेक्षा दहा तास उभ्या असणाऱ्याचे पाय जास्त सुजतात.

नियमाबद्दल बोलायचं तर उभ्यानं काम करणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा बसता यावं ही तरतूद १९४८ च्या कारखाना कायद्यातच होती, पण ती कारखान्यांपुरती. दुकानांचा प्रश्न धसाला लावला तो कोझिकोडच्या कापड दुकानांतल्या बायकांनी. त्यांच्या लढ्यानंतर २०१८ मध्ये केरळनं दुकानांच्या कायद्यात बसण्याची सोय घातली, २०२१ मध्ये तमिळनाडूनंही. मालकांशी बोलाल तेव्हा हे जरूर सांगा. आपल्याकडच्या जुन्या पेढ्यांवर गादी असायची, विकणारा आणि घेणारा दोघंही बसायचे, आणि साडी काही कमी खपत नव्हती!

तोवर काउंटरमागे एक उंच स्टूल मागा, अर्धवट टेकता येईल असं. उभं दिसूनही भार उतरतो, त्यामुळे मालकही सहसा नाही म्हणत नाहीत. पायाशी १० ते १५ सेंमीची पायरी ठेवा आणि एकेक पाय आळीपाळीनं वर घ्या. फरशीवर जाड रबरी चटई टाका. रोज दाखवायच्या साड्या कंबर ते खांदा या पट्ट्यात लावा, वर्षातून दोनदा निघणारे शालू वरच्या फळीवर जाऊ देत. एकाच पायाला सूज आणि ठणका असेल तर लगेच डॉक्टर.

२२,००० रुपयांची खुर्ची घेतली, तरी तासाभरात पाय बधिर होतात आणि खांदे भरून येतात. उंची १५२ सेंमी. घरून काम करते. – एक वाचक, पुणे

खुर्ची चांगली असेल, पण ती तुमच्यासाठी कापलेली नाही. तुमच्या गुडघ्यामागची खळगी जमिनीपासून ३८ वर, आणि ही खुर्ची खाली येऊन येऊन ४४ वर थांबते. पाय लोंबकळतात, बैठकीची कड मांडीखाली रुतते. पाय टेकवायला पुढे सरकलात की पाठ सुटते, म्हणजे ज्या पाठीच्या आधाराचे पैसे मोजले तोच वाया. भारतीय शरीरांची मापं अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेनं (एनआयडी) १९९७ सालीच छापून ठेवली आहेत, तरी खुर्च्या अजून उंच माणसांच्या मापानंच येतात.

शिवाय टेबल ७५ चं. ४४ वर बसल्यावर तुमचं कोपर ६५ वर येतं, म्हणून खांदे उचलून टाइप करता. तेव्हा खुर्ची खाली नको, वर घ्या, ५३ पर्यंत. पायाखाली १५ सेंमीचा चौरंग ठेवा (देवाचा नको, दुसरा आणा). लॅपटॉप पुस्तकांवर चढवा, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला येईल इतका, आणि कीबोर्ड-माउस वेगळे जोडा. खर्च दीड-दोन हजार.

उभं राहून काम करायचं टेबल घ्यावं का? – एक वाचक, नाशिक

डोंबिवलीच्या ताईंचं पत्र वाचलंत ना? दिवसभर उभं राहायला नको, बसणं-उठणं बदलत राहायला हवं असेल तर घ्या. त्याआधी महिनाभर इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून पाहा. त्याची उंची हवी तशी बदलता येते. आठवड्याभरात त्यावर पुन्हा कपडेच दिसायला लागले तर पैसे वाचले.