अस्सल आणि मूळ: जुन्या रेसिंग गाड्यांविषयी प्रश्नोत्तरे

‘मूळ’ आणि ‘अस्सल’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरणारी पत्रं थांबता थांबत नाहीत, म्हणून आधी एवढं पक्कं करू. मूळ म्हणजे कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशीचा धातू, पत्रा आणि रंग. अस्सल म्हणजे भाग बदलत गेले, पण ओळख मध्ये कुठे तुटली नाही अशी गाडी. भरपूर शर्यती धावलेली गाडी पूर्णपणे मूळ असणं जवळपास अशक्य. अस्सल मात्र ती असू शकते.

प्रश्न: चासी (गाडीचा खालचा सांगाडा), इंजिन, बॉडी सगळंच कधी ना कधी बदललंय. तरी विकणारा ‘तीच गाडी’ म्हणतो. त्याला तसं म्हणता येतं का?

उत्तर: येऊ शकतं. 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोन वर्षं फ्रान्सची ल मां ही 24 तासांची शर्यत जिंकणारी बेंटली ‘ओल्ड नंबर वन’ पुढे सतत बदलत गेली. 1932 मध्ये इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर तिला प्राणघातक अपघात झाला, त्यानंतर ती पुन्हा बांधली गेली. पुढे तिचा 1 कोटी पौंडांचा सौदा ठरला आणि घेणाऱ्याने ‘ही ती गाडीच नव्हे’ म्हणून पैसे अडवले. प्रकरण इंग्लंडच्या उच्च न्यायालयात गेलं. 1990 च्या निकालात न्यायाधीशांनी सांगितलं की गाडीला मूळ म्हणता येणार नाही, पण ती अस्सल आहे, कारण तिच्या इतिहासात खंड पडलेला नाही. हा निकाल दाखवून वाटेल ती गाडी गळ्यात मारणारे दलाल भेटतात. त्यांच्याकडे प्रत्येक बदलाची तारीख, बिल आणि फोटो मागा. ते कागद त्या कंपनीच्या गाड्यांचा इतिहास जाणणाऱ्याने आणि वकिलाने पाहिल्याशिवाय विसार देऊ नका.

प्रश्न: 1929 च्या गाडीच्या डॅशबोर्डला क्रॉसचे स्क्रू आहेत. ते मूळचे असतील का?

उत्तर: नाही. क्रॉसच्या खाचेचे, म्हणजे फिलिप्स स्क्रू गाड्यांत आले ते 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात.

प्रश्न: गाडी नामांकित संग्रहालयात होती आणि अंगावर विजेत्या गाडीचेच रंग आहेत. एवढी खात्री पुरे ना?

उत्तर: पुरे नाही. पोर्शेच्या 917 या रेसिंग मॉडेलची पहिली गाडी, चासी नंबर 001, अनेक वर्षं 1970 ची ल मां जिंकणाऱ्या चासी नंबर 023 च्या लाल-पांढऱ्या रंगात उभी होती. 2019 मध्ये तिला तिचे स्वतःचे पांढरे-हिरवे रंग परत मिळाले. कारखान्याने हे लपवलं नव्हतं, पण नुसतं पाहून जाणाऱ्याला ते कळायचं कसं? रंग ही ओळख नव्हे.

प्रश्न: चासीवरचा नंबर पुसट झालाय. कारागीर म्हणतो, घासून आकडे नव्याने ठोकून (पंच करून) देतो. करू का?

उत्तर: अजिबात नको, आणि त्या माणसाला पुन्हा गाडीजवळ येऊ देऊ नका. पंचाचा घाव बसतो तिथे आकड्याच्या खालचा धातूही दबलेला असतो. वरचे आकडे झिजले तरी ही दाबखूण योग्य रसायन लावून वर आणता येते. नवा घाव बसला की तो पुरावा कायमचा गेला, आणि उद्या प्रामाणिक मालकावरही नंबर बदलल्याचा संशय येणार. फोटो काढा, तेलाचा हलका हात द्या आणि धातूची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेला विचारा.

प्रश्न: चासीच्या पुढच्या नळ्या गंजल्या होत्या, त्या नव्या बसवल्या. कापलेला जुना सांगाडा भंगारात देऊ का? गॅरेजवाला चांगले पैसेही द्यायला तयार आहे.

उत्तर: देऊ नका. हे उत्तर लांबणार आहे, कारण या धंद्यातले सर्वांत वाईट तंटे इथेच जन्माला येतात.

भंगाराला कोणी चांगले पैसे का देईल? त्या तुकड्यावर तुमच्या गाडीची ओळख आहे म्हणून. वर्षांपूर्वी एका वर्कशॉपमध्ये मी असाच एक तुकडा भिंतीला टेकवून ठेवलेला पाहिला. हातभर नळी, हिरव्या रंगाखाली सांधा जोडणाऱ्या ब्रेझिंगचं पिवळं पितळ, टोकाला करवतीचे ताजे दाते. पुढे त्या हातभर नळीभोवती अख्खी गाडी उभी राहिली आणि एकाच नंबरच्या दोन गाड्या झाल्या. दोन्ही मालकांनी पैसे मोजले होते, दोघांकडे कागद होते, आणि दोघांनाही खोटं म्हणता येत नव्हतं.

त्यात जुन्या काळची भर आहेच. शर्यतीसाठी सीमा ओलांडताना कस्टमला कार्ने, म्हणजे गाडी तात्पुरती परदेशात नेण्याचा परवाना, दाखवावा लागे. कार्नेवरची गाडी दुरुस्तीला पडली असेल तर संघ तिची नंबरची प्लेट काढून दुसऱ्या गाडीला लावत आणि पुढे निघत. त्यांना शर्यत गाठायची होती. साठ वर्षांनी कोणी ती प्लेट भिंगाखाली धरेल हे त्यांच्या मनातही नव्हतं. म्हणून नुसत्या प्लेटवर विसंबू नका. 1954 ची फेरारी 375 प्लस, नंबर 0384, अमेरिकेतून चोरीला जाऊन युरोपात पुन्हा बांधली गेली, पण तिचे काही सुटे भाग अमेरिकेतच राहिले. 2014 मध्ये ती 1 कोटी पौंडांहून अधिक किमतीला लिलावात गेली, तरी कोर्टकचेरी सुटली नाही.

तेव्हा कापलेली प्रत्येक नळी, पत्रा, अगदी रिव्हेटसुद्धा चिठ्ठी लावून जपा, आणि गाडी विकाल तेव्हा गाडीसोबतच द्या. आधीच काही दिलं असेल तर आजच परत मागा आणि वकिलाला कळवा. पुढच्या महिन्यावर टाकू नका.

प्रश्न: एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेचा हिस्टॉरिक टेक्निकल पासपोर्ट आहे. म्हणजे गाडी अस्सल ठरली ना?

उत्तर: नाही. गाडी त्या काळच्या तांत्रिक नियमांत बसते एवढंच तो सांगतो. हुबेहूब बांधलेल्या नव्या गाडीलाही तो मिळू शकतो. जाहिरातीत त्याचा फोटो मोठा छापला असेल तर जास्तच चौकशी करा.

प्रश्न: जग्वारने स्वतः अलीकडे बांधलेली लाइटवेट ई-टाइप (ई-टाइपची वजनाने हलकी रेसिंग आवृत्ती) मूळ म्हणायची का?

उत्तर: 1960 च्या दशकात 18 चासी नंबर राखून ठेवले होते, गाड्या बनल्या 12. उरलेल्या सहा कारखान्याने 2014 पासून बांधल्या. त्या कारखान्याच्या आहेत आणि उत्तम आहेत, पण 1963 साली त्या कुठल्याही ट्रॅकवर नव्हत्या. तसं सांगून विकल्या तर हरकत काय?

प्रश्न: गाडी पन्नास वर्षं शेडमध्ये पडून होती, कधीच रिस्टोअर झालेली नाही. रंगकाम कुठून सुरू करू?

उत्तर: सुरूच करू नका. 2009 मध्ये इटली-स्वित्झर्लंड सीमेवरच्या माज्जोरे सरोवरातून बाहेर काढलेली 1925 ची बुगाटी ब्रेशिया गंजलेल्या, खाल्लेल्या अवस्थेतच लिलावात गेली आणि तशीच जपली गेली. तुमच्या गाडीवरचा जुना रंग एकदा खरवडला की पैसे टाकूनही परत येत नाही. आधी संवर्धकाला, म्हणजे जुन्या वस्तू आहेत तशा जपणाऱ्या तज्ज्ञाला, बोलवा.

प्रश्न: त्याच गाडीची मॅग्नेशियमची चाकं वरून ठणठणीत दिसतात. एकदा फेरी मारून पाहू का?

उत्तर: नाही. मॅग्नेशियम आतून खाल्लं जातं आणि चीर डोळ्यांना दिसत नाही. चाकं उतरवून तज्ज्ञाकडून तपासून घ्या. तोवर फेरी मारायचीच तर नव्या चाकांवर, आणि ही चाकं चिठ्ठी लावून कोरड्या जागी ठेवून.