पुढच्या वेळी गोळ्यांची पिशवी घेऊन या

चि. डॉक्टरसाहेब,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री वाचला. ‘मॅडम, सर्दी, खोकला, बीपी, शुगर, कंबरदुखी. रोज तेच. इथे शिकण्यासारखं नक्की काय आहे?’ रागावले नाही. उलट विचारलंस म्हणून बरं वाटलं. माझ्या कोपरखैरण्याच्या दवाखान्यात पोस्टिंगला येणारी बहुतेक मुलं विचारतच नाहीत, लॉगबुकवर सही घेतात आणि ठाण्याची लोकल पकडतात. उत्तर मेसेजमध्ये मावेना, म्हणून हे पत्र.

आधी एक जुना हिशेब सांगते. १९६१ साली केर व्हाइट हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंड-अमेरिकेतल्या आकड्यांवरून तो मांडला होता. हजार प्रौढ माणसं घेतली, तर महिनाभरात साधारण ७५० जणांना काही ना काही दुखणं होतं. त्यातले २५० डॉक्टरकडे जातात, ९ जण इस्पितळात दाखल होतात आणि मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात पोचतो तो १. चाळीस वर्षांनी, २००१ मध्ये, अमेरिकेत हीच मोजणी पुन्हा झाली आणि चित्र जवळपास तेच निघालं. म्हणजे तू इतकी वर्षं वॉर्डात जे शिकलास ते त्या एकाला बघून. त्याचा आजार पुरता उघड झालेला असतो, कुणीतरी आधी तपासून चिठ्ठी दिलेली असते, फाइल जाड असते. बाकीचे आमच्या बाकड्यावर बसलेले असतात. त्यांच्या आजाराला अजून नाव पडलेलं नसतं, आणि पुष्कळदा पडणारही नसतं. तुझ्या पुस्तकात ‘सकाळपासून कणकण आहे, तोंडाला चव नाही’ असा धडा नाही, म्हणून तुला वाटतं की हे वैद्यकशास्त्रच नव्हे.

मागच्या आठवड्यातला तो माथाडी आठवतोय? भाजी मार्केटला टोळीत काम करणारा, पाटणकडचा. ‘अशक्तपणा वाटतो, ताकदीची सुई लावा’ म्हणाला. तू केसपेपरवर ‘अशक्तपणा’ लिहिलंस, जुने रिपोर्ट पाहिलेस, उपाशीपोटीची साखर उत्तम होती, आणि मला हळूच म्हणालास की बी-१२ बघू या. शंका वाईट नव्हती. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ते कमी होतंच. पण तू त्याला एक गोष्ट विचारली नाहीस, ती मी विचारली: ‘तुमचा दिवस कधी सुरू होतो?’

रात्री बाराला, म्हणाला. उठायचं, चहा प्यायचा, मार्केटला जायचं. गाड्या रात्रीच लागतात. पहाटेपर्यंत माल उतरवायचा, मग विक्रीची घाई. घरी यायला अकरा, आंघोळ, जेवण, झोप. आणि कुठल्याशा दवाखान्यातून मिळालेल्या चिठ्ठीवर ग्लिमेपिराइड या शुगरच्या दुसऱ्या गोळीपुढे लिहिलेलं, ‘सकाळी नाश्त्याआधी’. माणूस प्रामाणिक. सहा वाजले की खिशातली गोळी काढून पाण्याबरोबर घ्यायचा. नाश्ता मात्र गाडी खाली झाली तर व्हायचा, नाहीतर राहायचा. ती गोळी पोटात अन्न आहे की नाही ते विचारत नाही, इन्शुलिन बाहेर काढतच राहते. आठ-साडेआठला त्याला घाम फुटायचा, हात थरथरायचे, आणि टोळीतलं कुणीतरी गोड चहा पाजला की सगळं थांबायचं. पन्नास किलोची गोणी पाठीवर असताना साखर उतरली तर काय होईल, ते तुला सांगायला नको.

आपण त्याचं एकही औषध वाढवलं नाही. गोळी अकराच्या जेवणाबरोबर नेली, खिशात साखरेची पुडी ठेवायला सांगितली, टोळीतल्या एकाला लक्षणं समजावून द्यायला सांगितलं आणि आठवड्याने बोलावलं. सुई लावली नाही. तो जरासा नाराज होऊन गेला, हेही तू पाहिलंस.

तुला या पोस्टिंगमधून एवढंच उचलायचं आहे: पेशंट आपल्यासमोर बसतो पाच-सात मिनिटं, आणि त्याचा आजार चालतो तो दोन भेटींच्या मधल्या महिनाभरात. वॉर्डात ती फट नसते. तिथे गोळी सिस्टर हातावर ठेवते, जेवण ट्रेमधून येतं, रात्री दोनला साखर मोजायला कुणीतरी असतं. इथे त्या महिन्यात काय घडतं ते विचारल्याशिवाय कळत नाही, आणि सरळ विचारून तर मुळीच नाही. ‘गोळ्या नियमित घेता का?’ या प्रश्नाला कोपरखैरण्यात आजवर कुणी ‘नाही’ म्हटल्याचं मला आठवत नाही. म्हणून मी प्रत्येकाला म्हणते, पुढच्या वेळी गोळ्यांची पिशवी घेऊन या. पिशवी टेबलावर उपडी केली की सगळं दिसतं. एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या पट्ट्या, दोन डॉक्टरांनी लिहिलेल्या आणि दोन्ही चालू. नवऱ्याच्या बीपीच्या पट्टीतून बायकोने घेतलेल्या चार. महिन्याभरापूर्वी दिलेली आणि अजून निम्मी भरलेली पट्टी. त्यावर ओरडायचं नाही. ओरडलास तर पुढच्या वेळी पिशवी येणार नाही.

गाव हाही या हिशेबातला मोठा भाग. आपल्या सेक्टरमधली निम्मी घरं साताऱ्याकडची. जत्रा, मे महिना, गणपती, भातलावणी. माणसं आठ दिवसांसाठी जातात आणि महिन्याने परततात. गोळ्या आठ दिवसांच्याच नेलेल्या असतात. बीपीचं तर काही दुखतही नाही, त्यामुळे गोळी संपली तरी अंगाला कळत नाही. परत आल्यावर आकडा वाढलेला दिसतो आणि शहाणा ज्युनिअर दुसरं औषध जोडतो. जोडण्याआधी विचार, ‘गावाला कधी गेला होतात?’

तसंच तंबाखूचं. तू बायकांना विचारतोस, ‘तंबाखू खाता का?’ त्या नाही म्हणतात, आणि ते खरंच असतं, कारण त्या मशेरी लावतात. त्यांच्या लेखी ते दात घासणं. तेव्हा ‘मशेरी लावता का, दिवसातून किती वेळा?’ असं विचार. मग तोंड उघडायला लाव, गालाच्या आतून पांढरा चट्टा आहे का बघ, त्यांचीच तीन बोटं उभी आत जातात का बघ. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पोरांच्या तोंडांना ती अजून समजलेली दिसत नाही.

१९७५ मध्ये ब्रिटनमधले डॉक्टर हॅम्प्टन आणि सहकाऱ्यांनी बाह्यरुग्ण विभागातल्या ८० नव्या पेशंटांवर एक साधा अभ्यास केला होता. त्यातल्या ६६ जणांचं अंतिम निदान रेफर करणाऱ्या डॉक्टरची चिठ्ठी आणि पेशंटची हकिगत यांवरूनच झालं होतं. तपासणी आणि चाचण्यांनी उरलेल्यांचं चित्र बदललं. हे तुला परीक्षेत कुणी विचारणार नाही. पण ‘अजून काय होतंय?’ असं म्हणून गप्प बसायला तुला जमत नाही, म्हणून सांगते. तू फार लवकर पुढचा प्रश्न टाकतोस.

आता पावसाळा. तापाची रांग सुरू झालीय आणि तुला प्रत्येकाचे सगळे रिपोर्ट काढावेसे वाटतात. पहिल्या दिवशीच्या तापाला पुष्कळदा काहीच ओळख नसते. डेंग्यूच्या रक्ताच्या टेस्ट दोन: एनएस-१ पहिल्या काही दिवसांत सापडतं, आयजीएम साधारण पाचव्या दिवसानंतर. चुकीच्या दिवशी चुकीची टेस्ट केली, तर पैसे जातात आणि खोटा दिलासा मिळतो. डेंग्यूचा घातक काळ कोणता, तर ताप उतरतो तेव्हाचा. घरचे म्हणतात ‘बरं वाटतंय’, आणि नेमकं तेव्हाच लक्ष ठेवायचं असतं. त्यामुळे ‘परवा या’ हा माझ्या चिठ्ठीतला औषधाइतकाच महत्त्वाचा भाग. पण नुसतं ‘परवा या’ म्हणून भागत नाही. पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आलं, माणूस गळून पडला, तर परवाची वाट न बघता रात्रीही इस्पितळात जायचं, हे सांगायचं. तेही पेशंटला नाही, ज्या बाईच्या हातात घर आहे तिला. तापाला पॅरासिटामॉल, आणि अंगदुखीसाठी दुकानातून ब्रुफेन आणायचं नाही, हे दोनदा.

मार्केटमध्ये साचलेल्या पाण्यात उभं राहून काम करणाऱ्याला ताप आला, तर पोटऱ्या दाबून बघ आणि डोळे बघ. पोटऱ्या ठणकत असतील, डोळे लाल असतील, तर लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाचा, विचार आधी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतरचे लेप्टोचे आठवडे ज्यांनी पाहिले आहेत, ते हा प्रश्न कधी विसरत नाहीत.

टीबीबद्दल थोडक्यात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी, चर्चा नाही. मी निक्षयवर, म्हणजे सरकारच्या टीबी नोंदणीच्या पोर्टलवर, नोंद करत बसते ते तुला कारकुनी वाटतं. २०१२ पासून खासगी डॉक्टरलाही ही नोंद बंधनकारक आहे. शिवाय नोंद झाली की पेशंटला आहारासाठी पैसे मिळतात, २०१८ पासून महिना ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. त्या पैशांनी घर चालत नाही, पण माणूस यादीत राहतो. दोनेक महिन्यांत खोकला जातो, वजन वाढतं, मुकादमाचा फोन येतो आणि उपचार अर्ध्यावर सुटतो. सहा महिन्यांतले शेवटचे चार सगळ्यात अवघड, कारण तेव्हा पेशंटला काहीच होत नसतं.

सुईचं. ‘सलाईन लावा, सुई लावा’ हा आग्रह तुला अडाणीपणा वाटतो. रोजाने काम करणाऱ्याचं गणित वेगळं आहे. एक दिवस पडला तर एक दिवसाचे पैसे गेले, म्हणून त्याला आजच्या आज उभं राहायचंय. गरज नसलेली सुई लावायची नाही, पण नकार त्या गणिताला धरून द्यायचा. ‘हा ताप तीन दिवस राहणार, सुईने दोनाचा होणार नाही, मग तीनशे रुपये कशाला घालवता?’ हे पटतं. व्हायरसवरचं व्याख्यान पटत नाही. तरी काही जण शेजारच्या दवाखान्यात जाऊन लावून घेतातच. ते पुढच्या महिन्यात परत येतात तेव्हा टोमणा मारायचा नाही, हे मला अजूनही जड जातं.

एक नाजूक गोष्ट. इथे एका घरातली चार माणसं आपले पेशंट असतात. सासू सुनेला घेऊन येते आणि तिच्या वतीने सगळं सांगते. सून मान हलवते. तपासायला पडद्याआड घेतलं की मग ती बोलते, पांढरं जातंय, पाळी चुकलीय, किंवा मूल नकोय इतक्यात. कधी पडद्याआडही नाही, केसपेपर हातात घेऊन उठल्यावर, जाता जाता. त्या क्षणी पेन खाली ठेव आणि तिला परत बसव, बाहेर कितीही गर्दी असो. आणि मग ते सासूला सांगायचं नाही, तिने ‘काय झालंय हो हिला?’ म्हणून प्रेमाने विचारलं तरी नाही. ‘तिलाच विचारा’ एवढंच. तुमच्या अभ्यासक्रमात आता कुटुंब दत्तक घ्यायचा, म्हणजे काही घरांच्या तब्येतीवर लक्ष ठेवायचा, कार्यक्रम आहे. चांगलाच आहे, पण त्यात कुटुंब म्हणजे एक फॉर्म भरायचा असतो. फॉर्ममध्ये घराची एकच बाजू येते, आणि तीही बहुतेक कर्त्या पुरुषाने सांगितलेली.

रेफर करताना नीट चिठ्ठी लिही. ‘पुढील उपचारासाठी’ एवढं लिहून पाठवलेला माणूस वाशीच्या रुग्णालयात पहिल्यापासून सगळं सांगत बसतो. काय दिसलं, काय दिलं, कशाची भीती वाटतेय, तीन ओळी. हॅम्प्टनच्या त्या ६६ मध्ये चिठ्ठीचाही वाटा होता, लक्षात ठेव.

सोमवारी लवकर ये. बीपीच्या रजिस्टरमध्ये जत्रेनंतर न आलेल्यांच्या नावांवर मी पेन्सिलने खुणा केल्या आहेत. त्यांना फोन लावायचे. ‘आला का नाहीत?’ असं विचारू नकोस, ‘गोळ्या सध्या कुठून घेता?’ असं विचार. कुणी वैतागलं तर फोन कंपाउंडर काकांकडे दे, त्यांना प्रत्येकाचं गाव ठाऊक आहे. संध्याकाळी आपल्याला एका आजींकडे घरी जायचंय. कपाटातला बीपी मोजायचा मोठा कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा) आठवणीने घे. त्यांचा दंड जाड आहे, नेहमीच्या कफने बीपी उगाच वाढीव दिसतं.

तुझी,
मॅडम