पहिल्या ठोक्याला फुसके, दुसऱ्याला बार

प्रश्न : मी टेक्सासमध्ये राहतो आणि माझ्या .308 विंचेस्टर रायफलीची काडतुसे घरीच भरतो. नुकत्याच स्वस्तात मिळालेल्या, एकदा वापरलेल्या लष्करी पुंगळ्यांत (काडतुसाच्या धातूच्या रिकाम्या कवचांत) 50 काडतुसे भरली. त्यांतली 6 पहिल्या ठोक्याला उडाली नाहीत. 4 दुसऱ्या ठोक्याला उडाली, 2 तशीच राहिली. प्रायमरचा डबा सदोष समजून परत करावा का?

उत्तर : घाई करू नका. दुसऱ्या ठोक्याला उडालेली ती 4 काडतुसे प्रायमरच्या बाजूनेच साक्ष देत आहेत. प्रायमर म्हणजे धातूची चिमुकली वाटी. तिच्यात आघाताने पेटणारे मिश्रण असते आणि त्याला लागून एक इवलीशी ऐरण. चाप ओढल्यावर रायफलीतल्या पिनेचा ठोका पडला की मिश्रण ऐरणीवर चिरडून पेटते. पण ऐरणीचे पाय पुंगळीच्या बुडाला प्रायमरसाठी असलेल्या खाचेत तळाला टेकलेले नसतील, तर पहिल्या ठोक्याचा जोर प्रायमर पुढे सरकवण्यातच खर्ची पडतो, आणि तो तळाला टेकल्यावर दुसरा ठोका काम करतो.

आता तो टेकला का नाही? लष्करी पुंगळीत प्रायमर निसटू नये म्हणून खाचेची कड आतल्या बाजूला दाबलेली असते. ती कड खरडून किंवा दाबून मोकळी केल्याशिवाय नवा प्रायमर पुरता आत जात नाही, आणि हाताला मात्र तो ‘बसला’ असेच वाटते. नीट बसलेला प्रायमर पुंगळीच्या बुडापेक्षा 0.003 ते 0.005 इंच खाली असतो. बोट फिरवले की ही खोली जाणवते. खाचेत साचलेली काजळीही असाच घोळ घालते.

उरलेल्या 2 काडतुसांच्या प्रायमरवर पिनेने पाडलेला खळगा भिंगाखाली पाहा. तो उथळ असेल, तर बोल्टमध्ये (पिन ज्यात असते त्या मागेपुढे सरकणाऱ्या दांड्यात) घट्ट झालेले ग्रीस, पिनेची थकलेली स्प्रिंग किंवा आकार देताना प्रमाणाबाहेर मागे दाबला गेलेला पुंगळीचा खांदा (ती तोंडाकडे निमुळती होते तो भाग), यांपैकी काहीतरी असेल. त्याच रायफलीतून कारखान्यात भरलेली काडतुसे उडवून पाहा. तीही फुसकी निघाली तर दोष रायफलीचा. डब्यावर संशय घ्यायचा तो एवढे सगळे तपासल्यावर, आणि तेव्हा त्यावरचा लॉट क्रमांक (उत्पादनाच्या खेपेचा क्रमांक) हाताशी हवा.

चाप ओढूनही बार झाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला रोखून किमान 30 सेकंद थांबा आणि मगच बोल्ट उघडा, कारण बार कधी कधी उशिरा होतो. भरलेल्या काडतुसातला वर राहिलेला प्रायमर दाबून आत बसवण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळा. असे काडतूस बाजूला ठेवून गोळी ओढून काढा, दारू रिकामी करा आणि पुंगळीची खाच दुरुस्त करून नव्याने भरा.