टाकून दिलेला अशक्त इग्वाना कसा सावरावा?

बेळगावच्या टिळकवाडीत कोणीतरी सोडून दिलेला हिरवा इग्वाना (पाळण्यासाठी आणला जाणारा, पाला खाणारा मोठा परदेशी सरडा) आपण घरी आणला असून तो खात नाही आणि त्याचे पाय थरथरतात, असे आपण विचारले आहे. थरथर, मऊ पडलेला जबडा आणि सुजल्यासारखे पाय ही बहुधा कॅल्शियमच्या कमतरतेची लक्षणे असतात, तेव्हा सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याला तो आधी दाखवावा आणि कॅल्शियमची मात्रा त्यांनाच ठरवू द्यावी. तोंडात अन्न कोंबू नये. अंग गार असताना त्याला ते पचतच नाही. पेटीचे एक टोक ३२ ते ३५ अंश उबदार व दुसरे त्याहून थंड ठेवावे आणि रोज थोडा वेळ त्याला कोमट, उथळ पाण्यात बसवावे. बेळगावच्या पावसाळ्यात ऊन दुर्मीळ, आणि खिडकीची काच उन्हातले, कॅल्शियम अंगी लागायला नेमके उपयोगी अतिनील किरण अडवते, त्यामुळे ते किरण देणाऱ्या यूव्हीबी दिव्याचा खर्च (तो कमी नाही) टाळता येत नाही. शेवग्याचा पाला आणि जास्वंदीची पाने-फुले बारीक चिरून द्यावीत. पालक नको, कारण त्यातील ऑक्झलेट कॅल्शियम अडकवून ठेवते. अंडी, मांस मुळीच देऊ नये. असा परदेशी प्राणी ठेवायचा, तर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर त्याची नोंदणीही करावी लागेल. आपल्याकडची संरक्षित घोरपड असती, तर मात्र ती थेट वनविभागाकडेच सोपवावी लागली असती.